व्याख्येबाहेरचे पक्षी

मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी निवर्तले, तेव्हा अवघ्या मराठी मुलुखाने त्यांना 'अरण्यऋषी' म्हणून निरोप दिला. उपाधी यथार्थच आहे. परंतु ऋषी म्हटले की नमस्कार करून मोकळे होता येते आणि ग्रंथ कपाटातच राहतो. समीक्षेचे काम नमस्कारापाशी संपत नाही. वटारसारख्या गावात, वाढत्या शहराच्या वेशीवर राहणाऱ्या वाचकाने या पक्षिसाहित्याला एक रोकडा प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते. गावाशेजारची पाणथळ जागा बुजवली जात असता तिच्यासाठी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हाती हे लेखन काय देते?

पहिली देणगी नावांची. 'पक्षी जाय दिगंतरा', 'नवेगावबांधचे दिवस', 'पक्षीकोश' या ग्रंथांतून त्यांनी रानात वावरणाऱ्या माणसांच्या तोंडची नावे वेचून मराठीच्या स्वाधीन केली. ही केवळ भाषेची श्रीमंती नव्हे. ज्याला नाव नाही त्याची नोंद होत नाही आणि ज्याची नोंद नाही ते पंचनाम्यात 'काही नाही' ठरते.

दुसरी देणगी अधिक मोलाची आहे, पण तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही. नवेगावबांधचा जलाशय निसर्गाने दिलेला नाही. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी शेतीसाठी बांध घालून तो उभा केला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरही गोदावरीवरील बंधाऱ्यामुळेच पक्ष्यांचे झाले आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. पाणी कुणी अडवले, हे पाखरू विचारीत नाही.

मर्यादाही सांगितली पाहिजे. आमच्या वाचनात चितमपल्लींच्या पानांवर कुऱ्हाड येते, शिकारी येतो. नियोजनाचा नकाशा मात्र क्वचितच येतो. म्हणून त्यांच्या वाचकाची अशी समजूत होते की पक्षी म्हणजे दूरच्या अरण्यातले वैभव, आणि मिठागरावरचा बगळा हा जणू वाट चुकलेला पाहुणा. लेखकाचा हा दोष नाही. त्याचे आयुष्यच अरण्यात गेले. पण या समजुतीची किंमत आज शहरालगतच्या पाणथळींना मोजावी लागत आहे.

नवी मुंबईचे उदाहरण घ्यावे. ठाणे खाडीत रोहित पक्षी हजारोंनी उतरतात. २०१५ साली खाडीचा काही भाग अभयारण्य झाला, २०२२ साली त्याला रामसर दर्जाही मिळाला. परंतु भरतीच्या वेळी खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि हे पक्षी विसाव्यासाठी सीवूड्स परिसरातील पाणथळींत येतात. तेथेच गोल्फचे मैदान आणि निवासी बांधकाम योजले गेले. रहिवासी न्यायालयात गेले. १ नोव्हेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या योजनेला वाट करून देणारे शासनाचे निर्णय रद्द केले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. वादाचे मर्म एका शब्दात होते. ही जागा 'पाणथळ' म्हणावी की नाही?

आता २०१७ च्या पाणथळ नियमांतील व्याख्या साहित्यकृतीसारखी बारकाईने वाचावी. नदीचे पात्र आणि भातशेती तिने वगळली आहे. पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी, सिंचनासाठी माणसाने मुद्दाम केलेली जलस्थळेही वगळली आहेत. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने देशातील दोन लाखांहून अधिक पाणथळींना संरक्षण दिले, पण त्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या.

या दोन वाक्यांत आमची वसई कुठे बसते? वाडीला पाणी देण्यासाठी वाडवडिलांनी खणलेले बावखल सिंचनाचे म्हणून वगळले आणि लहान म्हणूनही वगळले. मिठागर मिठाचे म्हणून वगळले. बावखलाच्या काठचा खंड्या, वंचक, पाणकोंबडी हे सारे व्याख्येबाहेरचे रहिवासी झाले.

यावर आपल्याच धर्मग्रामातील कुणी विचारील, माणसाला घर नको काय? प्रश्न रास्त आहे, आणि कित्येक बावखले परक्यांनी नव्हे, मालकांनीच बुजवली, हेही खरे. परंतु बावखल पावसाचे पाणी धरते, ते शेजारच्या विहिरींत झिरपते, आणि मुसळधारेत तेवढे पाणी उंबऱ्याबाहेर राहते. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा परिसर पाण्यात बुडाला, तेव्हा खोलगट जागा कशासाठी असतात, याचा धडा घराघरांत पोहोचला. खंड्या जेथे टिकतो तेथे पाणी टिकलेले असते. त्याची बाजू घेणे म्हणजे माणसाविरुद्ध जाणे नव्हे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने १९८८ साली उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीने पाणी आणि जमीन यांची भाषा आम्हां वसईकरांना शिकवली. त्या भाषेला चितमपल्लींच्या नावांची जोड मिळणे उरले आहे. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात, तेव्हा एकच छापील मजकूर आणि खाली शेकडो सह्या, असा अर्ज पुष्कळदा जातो. त्यात आवेश असतो, पण पुरावा नसतो. चांगली हरकत हाही गद्यलेखनाचा एक प्रकार आहे. गट क्रमांक कोणता, तेथील बावखलाचे नाव काय, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत राहते, कोणता पक्षी कधी येतो आणि कुठे घरटे करतो, एवढे तिने सांगावे.

ही माहिती आज आमच्या गावांतील वृद्धांपाशी आहे. नातवंडांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे आणि पहिल्या पानावर आपल्या बावखलाचे नाव लिहावे. कायद्याने जे वगळले ते निदान आपल्या नोंदीतून तरी वगळले जाऊ नये.