‘गाईड’ : एका उसन्या शब्दाचे मूल्य

परभाषेतून आलेला शब्द आपला अर्थ सोबत घेऊन येतो, हा समज सोस्यूरच्या ‘मूल्य’ या संकल्पनेपुढे टिकत नाही. यजमान भाषेतील शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदातून त्याचे मूल्य ठरते. मराठीतील ‘गाईड’ या शब्दाचा व्यवहार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

दौलताबादच्या किल्ल्यावर हा शब्द पुल्लिंगी आहे. ‘गाईड करायचा का?’ या प्रश्नात विकत घ्यायची असते ती वाट नव्हे, कथा. चांद मिनार, मेंढा तोप, १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर अबुल हसन कुतुबशहाला जेथे कैदेत ठेवले तो चिनी महाल, ही स्थळे डोळ्यांना दिसतातच. गाईड ती ‘सांगतो’. अपवाद ‘अंधारी’चा. कातळातील त्या वळणावळणाच्या भुयारी मार्गात कथनापेक्षा उजेड आणि पायाखालची ओळख मोलाची. तेवढ्यापुरता गाईड ‘वाटाड्या’ होतो. वाटाड्या म्हटला की त्याने ती वाट स्वतः तुडवलेली असते, हे मराठीत गृहीतच आहे.

शाळेत हाच शब्द नपुंसकलिंगी होतो. ‘गाईड आणलं का?’ यातील गाईड म्हणजे तयार उत्तरांचे पुस्तक. येथे त्याचा विरोध पाठ्यपुस्तकाशी आहे: पाठ्यपुस्तक प्रश्न विचारते, गाईड तो मिटवते. पुस्तकाला हे नाव इंग्रजीतही आहे. पण माणसाची वस्तू झाल्याची नोंद तेथील व्याकरण घेत नाही, मराठी व्याकरण घेते.

तिसरा अर्थ विद्यापीठीय. किल्ल्यापासून जवळच, १९५८ साली स्थापन झालेल्या आणि १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा विद्यापीठात काय किंवा अन्यत्र काय, प्रबंधावर ‘मार्गदर्शक’ छापले जाते आणि बोलताना ‘तुझे गाईड कोण?’ असे विचारले जाते. आदरार्थी अनेकवचनामुळे माणूस परतला खरा. परंतु ‘गाईडनी विषय दिला’, ‘गाईडनी प्रकरण करून घेतलं’ या वाक्यांत शालेय अर्थच बोलत असतो. ‘मार्गदर्शक’ वाट दाखवतो, चालायचे दुसऱ्याने. ‘गाईड’ या शब्दात ही विभागणी उरत नाही. याचा दोष केवळ विद्यार्थ्यांच्या माथी मारणे सोपे आहे. तयार उत्तराचा अर्थ अनेक मार्गदर्शकांनाही सोयीचा वाटतो, कारण त्यात प्रश्न विचारला जाण्याची भीती नसते.

‘गाईडशिप’ हा शब्द तर इंग्रजीतही सहसा आढळत नाही. तो आपण घडवला, आणि ‘मिळणे’ या क्रियापदाला जोडला: एखाद्याला गाईडशिप ‘मिळते’, जशी बढती मिळते.