नेमाडे, भालचंद्र वनाजी

(२७ मे १९३८– ). मराठी कादंबरीकार, कवी, समीक्षक व भाषाभ्यासक. जन्म जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील सांगवी ह्या खेड्यात, लेवा पाटीदार समाजातील शेतकरी कुटुंबात. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी तेथीलच डेक्कन महाविद्यालयात भाषाशास्त्राचा व नंतर मुंबई विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा पदव्युत्तर अभ्यास केला. अहमदनगर, धुळे व औरंगाबाद (ह्यांपैकी पहिल्या व तिसऱ्या शहराची नावे पुढे बदलली) येथे, तसेच लंडनच्या ‘स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज’मध्ये आणि गोवा विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. मुंबई विद्यापीठातील तौलनिक साहित्याभ्यासाच्या गुरुदेव टागोर अध्यासनावरही ते होते. १९६० नंतरच्या लघुअनियतकालिकांच्या चळवळीत त्यांनी ‘वाचा’चे संपादन केले. टीकास्वयंवर (१९९०) ह्या समीक्षाग्रंथास १९९१ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. २०११ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ व २०१४ साठीचा ज्ञानपीठ पुरस्कार देण्यात आला.

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत पसरलेला यावल–रावेरचा पट्टा काळ्या कसदार जमिनीचा, कापसाचा व केळीचा. नेमाडे ह्यांच्या जन्मापूर्वी सुमारे दीड वर्ष, डिसेंबर १९३६ मध्ये, ह्याच पट्ट्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होय. जमीन राखून असलेला, शिक्षणाकडे वळू लागलेला आणि सार्वजनिक जीवनाचा वारा लागलेला शेतकरी वर्ग येथे त्या काळात आकारास येत होता. वारकऱ्यांबरोबर महानुभाव पंथाचाही ह्या भागात वावर आहे. एकत्र कुटुंब, भाऊबंदकी, जमिनीचा वारसा, पंथांची भाषा आणि लेवा गणबोली ह्या साऱ्यांचा ठसा नेमाडे ह्यांच्या कथात्म लेखनावर उमटलेला दिसतो. मात्र तो ठसा नेमका कोणत्या प्रकारचा आहे, ह्याविषयी वाचकांचा नेहमीच गैरसमज होत आला आहे.

पहिली कादंबरी कोसला (१९६३) प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखकाचे वय पंचवीस वर्षांचे होते. तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर हाही तेवढ्याच वयाचा, त्याच परिसरातला आणि पुण्यात शिकायला गेलेला आहे. त्याच्या आडनावातच लेखकाचे गाव आहे. त्यामुळे ही कादंबरी म्हणजे वेषांतर केलेले आत्मचरित्र, असे मत सहज रूढ झाले. परंतु कथानकाच्या निर्णायक टप्प्यावर लेखक आणि नायक ह्यांच्या वाटा वेगळ्या होतात. पांडुरंग परीक्षेत अपयशी ठरतो, वडिलांचा पैसा उधळतो आणि पदवीवाचून गावी परततो. नेमाडे ह्यांनी मात्र दोन विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि अध्यापनाच्या निमित्ताने ते गावापासून दूरच राहिले. प्रत्यक्ष जीवनात न घडलेले परतणे कादंबरीत घडते. म्हणूनच कोसलाला लेखकाच्या जीवनाची नोंद मानण्यापेक्षा, त्याने टाळलेल्या एका शक्यतेचा शोध मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

ह्या शोधाचे केंद्र म्हणजे घर. पांडुरंगाचे वडील सधन व गावात वजन असलेले शेतकरी. त्यांच्या हिशेबी वृत्तीविरुद्ध मुलाचे बंड आहे. पण ज्या पैशावर तो पुण्यात उदारपणे वागतो, तो त्याच शेतीतून आलेला आहे, हे कादंबरी विसरू देत नाही. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूचा भाग कादंबरीतील सर्वांत वेदनामय भागांपैकी एक असून, तेथे निवेदकाचा उपहास निष्प्रभ होतो. शहराने दिलेली विनोदबुद्धी घरच्या दुःखापुढे अपुरी पडते, हे त्यातून प्रतीत होते. तुटक, बोलीशी जवळीक राखणारी आणि जुन्या महानुभाव गद्याची आठवण करून देणारी निवेदनशैली हा ह्या कादंबरीचा मोठा विशेष. कुटुंबाकडून लेखकाला लाभलेला खरा वारसा घटनांचा नसून ह्या भाषेचा आहे, असे म्हणता येईल.

१९७५ ते १९७९ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या बिढार, हूल, जरीला व झूल ह्या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो आणि गावोगाव फिरत राहतो. त्याचे नाव महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी चांगदेव राऊळांचे स्मरण करून देते, तसेच तापी–पूर्णेच्या संगमावरील चांगदेव ह्या क्षेत्राचेही. बिढार म्हणजे हलते घर. झूल म्हणजे बैलाच्या पाठीवर घालायचे शोभेचे वस्त्र. शेतीजीवनात व भटकंतीत रुजलेले हे शब्द सुशिक्षित नोकरदाराच्या स्थितीला लावून लेखकाने ह्या वर्गाचे पोकळपण उघड केले आहे. शिक्षणसंस्थांतील जातीय व आर्थिक राजकारणाचे एवढे विस्तृत चित्रण मराठीत पूर्वी क्वचितच झाले होते. तथापि ह्या मालिकेत तपशिलांची दाटी आणि मतप्रदर्शन अनेकदा आशयावर मात करते, हा आक्षेप निराधार नाही. पांडुरंगाच्या कथेतील घराचा ताण येथे विरळ झाल्यामुळे कथनाला केंद्र उरत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

हिंदू – जगण्याची समृद्ध अडगळ (२०१०) ह्या कादंबरीत ते केंद्र पुन्हा गवसते. मोहेंजोदडो येथे उत्खननात काम करणारा खंडेराव वडिलांच्या अंतकाळी मोरगावला परततो. येथे उत्खनन केले जाते ते कुटुंबाचेच. एका घराच्या आठवणींचे थर उपसताना जाती, पंथ, स्त्रियांचे भोग आणि शेतीची पडझड ह्यांचा इतिहास उघडा होतो. वारसा ही समृद्धीही आहे आणि अडगळही, हे शीर्षकातील द्वंद्व लेखकाने अखेरपर्यंत मिटवलेले नाही.

मेलडी (१९७०) व देखणी (१९९१) हे त्यांचे काव्यसंग्रह संख्येने मोजके असले, तरी गद्यात उपरोधाखाली दडलेली हळवी बाजू त्यांत अधिक मोकळेपणाने व्यक्त होते.

समीक्षक म्हणून नेमाडे ह्यांनी कादंबरीला कथेहून श्रेष्ठ मानले आणि बाबा पदमनजी ह्यांच्या यमुनापर्यटनपासून (१८५७) निघालेल्या वास्तववादी प्रवाहाची बाजू घेतली. त्यांच्या ‘देशीवादा’ने इंग्रजीच्या छायेत वाढलेल्या मराठी साहित्यविचाराला स्वतःच्या भूमीकडे पाहण्यास भाग पाडले. ह्या भूमिकेत परंपरेतील विषमतेकडे डोळेझाक होण्याचा धोका आहे, असे तिच्या टीकाकारांचे म्हणणे आहे. सिद्धांतापुरते पाहता ते विचारात घेण्याजोगे आहे. परंतु ह्या टीकेला सर्वांत समर्थ उत्तर त्यांच्या कादंबऱ्याच देतात. त्यांत गाव हे आश्रयस्थान म्हणून क्वचितच येते. ते येते कर्ज, मृत्यू, भांडणे आणि टाळता न येणारी नाती घेऊन. जमीन कसणाऱ्या घरातून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढ्यांना आपण काय मागे टाकले, हा प्रश्न मराठी कादंबरीत एवढ्या निष्ठुर प्रामाणिकपणे विचारणे, ही नेमाडे ह्यांची महत्त्वाची कामगिरी होय.