नुमान्सियाचे उरलेले लोक

सेर्व्हान्तेसच्या ‘नुमान्सिया’ नाटकाचा शेवट अंगावर येतो. स्पेनमधल्या दुएरो नदीकाठी असलेल्या या केल्टिबेरियन नगराला रोमन सेनापती स्किपिओनं वेढा घातलाय. शरण जाण्यापेक्षा सगळं नगर मरण पत्करतं. उरतो एकच मुलगा. विजयाच्या मिरवणुकीसाठी एक तरी जिवंत कैदी हवा, म्हणून स्किपिओ त्याला आमिष दाखवतो. मुलगा बुरुजावरून उडी टाकतो.

इतिहासकार आप्पियान मात्र वेगळं सांगतो. इ.स.पू. १३३मध्ये उपासमारीनं खंगलेल्या अनेकांनी जीव दिला, पण बाकीचे शरण आले. स्किपिओनं त्यातले ५० मिरवणुकीसाठी ठेवले, इतरांना गुलाम म्हणून विकलं.

नाटककारानं इतिहास बदलावा, त्याला हरकत नाही. खटकतं ते वेगळंच. सेर्व्हान्तेस स्वतः अल्जीरियात ५ वर्षं कैदी होता. पळायचे प्रयत्न फसले, शेवटी खंडणी भरून सुटला आणि त्यानंतर काही वर्षांतच त्यानं हे नाटक लिहिलं. कैदेतही माणूस माणूसच राहतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्याच्या नुमान्सियात मान फक्त मेलेल्यांना आहे. भुकेनं दार उघडून बाहेर आलेल्यांना रंगमंचावर जागाच नाही.