‘रॉजर’ म्हणजे ‘हो’ नव्हे

सिनेमातला पायलट ‘रॉजर’ म्हणाला की आपण धरून चालतो, तो ‘हो, करतो’ म्हणाला. अमेरिकेत विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या एफएए या संस्थेचा ‘पायलट/कंट्रोलर ग्लॉसरी’ नावाचा शब्दसंग्रह आहे. ऑनलाइन फुकट मिळतो. त्यात ‘रॉजर’चा अर्थ एवढाच: तुमचं मागचं बोलणं मला पूर्ण ऐकू आलं. पटलं का, करणार का, याबद्दल अवाक्षर नाही. वर तंबीही आहे, की हो-नाहीचा प्रश्न असेल तर हे उत्तर देऊ नका. ‘समजलं आणि तसं करतो’ यासाठी वेगळा शब्द आहे, ‘विल्को’. आणि नुसत्या ‘होय’साठी आणखी वेगळा, ‘अफर्मेटिव्ह’.

मराठीत ही तिन्ही कामं एकटा ‘हो’ करतो. फोनवर आई बोलत असते, आपण ‘हो... हो...’ करत असतो. त्यात मध्येच ‘रविवारी येणार ना?’ येऊन जातं. आपला ‘हो’ रॉजर असतो, आई तो विल्को धरते, आणि रविवारी संध्याकाळी भांडण होतं. (‘बघतो’ या शब्दाबद्दल तर बोलायलाच नको.)

मी पायलट नाही. हा शब्दसंग्रह मी पुस्तकासारखा, पहिल्या पानापासून वाचला, आणि तो मला वाटला होता तितका कोरडा निघाला नाही. त्याची खरी गरज कळते ती आयएफआरमध्ये, म्हणजे फक्त उपकरणांच्या भरवशावर उडताना. बाहेर ढग, काचेवर पांढरं काहीतरी, जमीन नाही, क्षितिज नाही. आपण कुठे आहोत हे डायल सांगतात. पण पुढे कुठे जायचं, किती उंचीवर थांबायचं, हे कानातला एक आवाज सांगतो. म्हणून महत्त्वाची सूचना ऐकली की ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. ऐकणाऱ्याने म्हटल्याशिवाय बोलणाऱ्याचं वाक्य पुरं होत नाही. असं व्याकरण मी दुसऱ्या कुठल्या भाषेत पाहिलेलं नाही.

या संग्रहातला माझा सगळ्यात आवडता शब्द मात्र अगदी साधा आहे: ‘एक्स्पेक्ट’. निघण्याआधी पायलटला परवानगी मिळते, ती साधारण अशी: पाच हजार फुटांवर जाऊन थांबा, उड्डाणानंतर दहा मिनिटांनी सतरा हजारांची अपेक्षा ठेवा. पहिल्यांदा वाचताना वाटलं, सरकारी आश्वासन दिसतंय. अपेक्षा ठेवा म्हणजे काय? परवानगी आहे की नाही? तर नाही. रेडिओ चालू आहे तोवर हे अर्धं वाक्य नुसतं पडून राहतं. पण मध्येच रेडिओ मेला तर? मग पायलट ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा आकडा लावतो, खाली पडद्यावर कळतं की हा आता बोलू शकत नाही. आणि ढगातून बाहेर पडायला वाव नसेल तर तो नियमाप्रमाणे ठरलेल्या वाटेने जात राहतो. शेवटची दिलेली उंची, त्या टप्प्यातली किमान सुरक्षित उंची आणि ‘अपेक्षा ठेवा’ म्हटलेली उंची, यांतली जी जास्त ती धरतो. म्हणजे जमिनीवर सहज बोललेलं ते अर्धं वाक्य शांततेत जिवंत होतं. वर एक माणूस मुका झालेला, खाली दुसरा त्याच्यासाठी आकाश मोकळं करतोय, आणि तो आता काय करेल हे दोघांनाही ठाऊक आहे. निरोपाच्या वेळी आपण किती काय बोलतो, पण ‘उद्या आपलं बोलणं बंद झालं तर असं समज’ हे कोण सांगून ठेवतं?

हे शब्द कुणा भाषाप्रेमीने हौसेने घासूनपुसून ठेवलेले नाहीत. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर, धुक्यात, धावपट्टीवर दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. कंट्रोलरने केएलएमच्या विमानाला फक्त उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला होता. पण त्या वाक्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता. सहवैमानिकाने मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी जोडलं, आता आम्ही टेक-ऑफला आहोत. कंट्रोलरला वाटलं, जागेवर उभे आहेत. प्रत्यक्षात विमान धावू लागलं होतं. कंट्रोलर ‘ओके’ म्हणाला, क्षणभर थांबला, मग म्हणाला, थांबा, मी कळवतो. नेमक्या त्याच वेळी पॅन ॲमचं विमान ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असं सांगत होतं. दोन आवाज एकमेकांवर चढले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोचलं ते एक ‘ओके’ आणि पुढे कर्कश शिट्टी. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेताना उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असं ठरलं.

तरीही या संग्रहावर माझा एक आक्षेप आहे, आणि तो ‘मिनिमम फ्युएल’वर. ऐकताना वाटतं, संपत आलंय, धावा! अर्थ मात्र असा: आम्हाला आता फारसा उशीर चालणार नाही, पण ही आणीबाणी नव्हे. आधी उतरू द्या, अशी मागणीही त्यात नाही. ‘रॉजर’चा गैरसमज होऊ नये म्हणून एवढी काळजी घेणाऱ्या पुस्तकात इतका फसवा शब्द कसा राहिला? प्यायचं पाणी संपत आलंय असं सांगणाऱ्याला ‘बरं, नोंद घेतली’ म्हणावं, तसं हे आहे.

दुसरं असं, की पुस्तक शब्द देतं, तो उच्चारायची हिंमत देत नाही. ‘अनेबल’ हा शब्द त्यात आहे. म्हणजे: तुम्ही सांगताय ते मला जमणार नाही. माफी नाही, आढेवेढे नाहीत. नाही म्हणायला आपण दहा वाक्यं घेतो, इथे एक शब्द पुरतो. पण तो कधी म्हणायचा?

२५ जानेवारी १९९० च्या रात्री कोलंबियाहून आलेलं एव्हियांकाचं फ्लाइट ५२ न्यूयॉर्कच्या वाटेवर तासाभराहून जास्त घिरट्या घालत होतं. सहवैमानिकाने ‘प्रायॉरिटी’ मागितली होती. पहिल्यांदा उतरणं जमलं नाही, तेव्हा कॅप्टनने त्याला सांगितलं, आपण आणीबाणीत आहोत असं सांग. तो रेडिओवर बोलला ते एवढंच, की आमचं इंधन संपत चाललंय. ‘इमर्जन्सी’ नाही, ‘मेडे’ नाही. त्या रात्री इंधन सगळ्यांचंच कमी होत होतं. कंट्रोलरने त्या विमानाला इतरांसारखंच हाताळलं. थोड्याच वेळात चारही इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडच्या एका टेकडीवर कोसळलं. १५८ पैकी ७३ जण दगावले. आग लागली नाही, कारण जळायला काही उरलंच नव्हतं.

त्याआधी काही मिनिटं कंट्रोलरने त्यांना विचारलं होतं: तुम्हाला पंधराएक मैल ईशान्येला नेतो आणि मग वळवून आणतो, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना? ‘अनेबल’ म्हणायची जागा होती ती इथे. सहवैमानिक म्हणाला, चालेल बहुतेक, थँक यू व्हेरी मच.