मालिकेतल्या घरात चहा कोण करतं?

मराठी मालिकांमधल्या माणसांना नोकऱ्या असतात, पण कामं नसतात. नायकाची मोठी कंपनी असते, आणि ती कंपनी नेमकं काय बनवते हे पाचशे भाग झाले तरी कळत नाही. त्याच्या हातात फाइल असते, ती तो मिटतो आणि कुणाकडे तरी रोखून बघतो. नायिका ओट्यापाशी उभी असते, पण आपण तिथे पोचतो तेव्हा कणिक मळून झालेली असते आणि चहा कपात असतो. सगळं घर दिवाणखान्यात जमायला चोवीस तास मोकळं. यावर आपण मीम्स करून झालो आहोत, त्यामुळे त्यावर पुन्हा हसायचं असं काही माझ्या मनात नाही.

मला हे चमत्कारिक वाटायला लागलं ते एका उन्हाळ्याच्या सुट्टीत. मास मीडियाचं दुसरं वर्ष संपल्यावर सात आठवडे मी एका दैनंदिन मालिकेच्या सेटवर इंटर्न होते. ठाण्याला घोडबंदर रोडच्या बाजूला सेट, राहायला डोंबिवलीला मामाकडे. ज्या पडद्यावर कुणीच काम करताना दिसत नाही तो भरण्यासाठी तिथे साठ-सत्तर माणसं सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबत होती. लाइटदादा, स्पॉटदादा, सेटिंगवाले, हेअरताई, इस्त्रीवाले काका. एवढ्या कामातून इतकं बिनकामाचं घर कसं तयार होतं, हा प्रश्न मला मालिकांबद्दलच्या बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. आपली मालिकांवरची टीका बहुधा कथेपाशी अडकते. सासू वाईट का, सून इतकी सोशिक का, नवऱ्याला दुसरी बायको का. ते बरोबरच आहे, पण ते सगळं ‘काय’ झालं. मला ‘कसं’ दिसलं.

आधी हिशेब. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की साधारण बावीस मिनिटांचा मजकूर लागतो. आठवड्याला सहा, कधी सात भाग. म्हणजे रोज जवळजवळ एक भाग चित्रित व्हायलाच हवा. सिनेमावाले दिवसाला दोन-तीन मिनिटं काढतात आणि दमतात. पुढचे तयार भाग हाताशी असले तर त्याला ‘बँक’ म्हणतात, आणि ही बँक बहुतेक वेळा रिकामीच असते. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबलं तेव्हा थोड्याच दिवसांत वाहिन्यांवर जुने भाग सुरू झाले, ते आठवत असेल. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध आले, तेव्हा कितीतरी मालिका बिऱ्हाड उचलून गोव्याला गेल्या आणि मे महिन्यात तिथूनही त्यांना निघावं लागलं. थांबायची सोय या धंद्यात नाही.

या हिशेबातून व्याकरण तयार होतं. एक मास्टर शॉट घ्यायचा, मग हॉलमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येकाचा क्लोज. कुणीतरी एक वाक्य बोललं की आठ चेहऱ्यांच्या आठ रिअ‍ॅक्शन. लोक ज्याला हसतात तो तीनदा फिरणारा चेहरा हा दिग्दर्शकाचा बावळटपणा नसतो. तो वेळ असतो. संवाद लिहून यायला दुपार होते, कधी कधी शॉट लागल्यावर फोनवर येतात. तोपर्यंत चेहरे घेऊन ठेवता येतात. चेहरा कुठेही चिकटतो.

मला दिलेलं काम होतं कन्टिन्युइटी. म्हणजे मंगळसूत्र पदराच्या आत होतं की बाहेर, टिकली कोणती, केसांची बट कुठल्या कानामागे, कपात चहा किती. फोनवर फोटो काढायचे आणि वहीत लिहून ठेवायचं. तिसऱ्या दिवशी मी संवादलेखिकेला विचारलं, “ताई, ही एवढं बोलते ते पोळ्या लाटत लाटत बोलली तर?”

ताई लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाली, “चालेल की. मग कुठल्या वाक्याला कितवी पोळी आणि ती किती लाटून झाली होती, ते तू लक्षात ठेव.”

मला वाटतं मालिकांबद्दलची सगळ्यात नेमकी समीक्षा मी तिथे ऐकली. काम म्हणजे वस्तूत होत जाणारा बदल. पिठाची पोळी होते, ओला कपडा वाळतो, कपातला चहा खाली जातो. आणि जो भाग तुकड्यांत, उलटसुलट क्रमाने, नटांच्या तारखांप्रमाणे घ्यायचा असतो त्यात बदल परवडत नाही. आधी सीनचा शेवट, मग जेवणाच्या सुट्टीनंतर त्याची सुरुवात. म्हणून मालिकेत कुणी घास तोंडात घालत नाही, वाढलेलं ताट सोडून उठतात. ताटावरून उठणं हा आपल्याकडे केवढा मोठा अपमान! पण मालिकेत तो बऱ्याचदा सोय असतो. भरलेला कप भरलेलाच राहतो. साडी चुरगळत नाही, घाम येत नाही. कुणी काही करत नसलं की दोन तुकडे कुठेही जोडता येतात.

आता हे सगळं ऐकून मालिकावाल्यांना सूट द्यावी असं माझं म्हणणं नाही. कारण अडचणीची सवय होते आणि सवयीची समज. ‘पडद्यावर काम दाखवायला वेळ नाही’ इथपासून ‘पडद्यावर काम दाखवण्यासारखं नसतं’ इथपर्यंत धंदा कधी पोचला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. एकदा तिथे पोचल्यावर घरातल्या बाईचं मोठेपण सोसण्यातच उरतं. ती राबते असं सगळे तिच्याबद्दल बोलतात, ती राबताना दिसत मात्र नाही. ज्या कथा बाईच्या त्यागावर चालतात त्यांत त्या त्यागाचा रोजचा मजकूर, म्हणजे भांडी, धुणं, रांगा, लोकल, हाच गाळलेला असतो.

आणि वेगळं होऊ शकतं याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ सावंतवाडीजवळच्या आकेरीत, एका खऱ्या वाड्यात चित्रित झाली. कथा कशीही वळली तरी त्या मालिकेत पडवी होती, अंगण होतं, उजेड बाहेरून यायचा. घर खरं असलं की माणसं त्यात नुसती उभी राहत नाहीत, वावरतात. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या ‘दिल दोस्ती दुनियादारी’मध्ये तर सेटच होता, तोही एका फ्लॅटचा. पण तिथे पैसे संपणं, काम न मिळणं, भाडं यांच्यावर विनोद चालायचे. आमच्या वर्गातले जे मालिका बघत नाहीत ते सगळे तिचे भाग अजून तुकड्यातुकड्याने बघतात, त्याचं कारण मैत्री हे आहेच, पण ‘नोकरी शोधणं’ हे वाक्य त्यात खऱ्या अर्थाने उच्चारलं जायचं, हेही असावं.

सिनेमाने स्वतःच्या कामाकडे बघितलं तेव्हा काय झालं, ते इथे आठवतं. परेश मोकाशींची ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) मी इंटर्नशिपच्या आधी आणि नंतर अशी दोनदा पाहिली. आधी ती गोड वाटली होती. नंतर बघताना लक्ष गेलं ते सगळं घर कसं कामाला लागलंय याकडे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला तोवर सरस्वतीबाई फाळक्यांनी कच्च्या फिल्मला छिद्रं पाडण्यापासून सगळ्या युनिटच्या स्वयंपाकापर्यंत सगळं केलेलं होतं. भारतीय सिनेमातली पहिली बिनपगारी इंटर्न त्यांनाच म्हणायला हवं. (सर्टिफिकेटही मिळालं नाही.) आणि त्याच्याही आधी फाळक्यांनी जी छोटी फिल्म केली ती वाटाण्याच्या रोपाची होती. कुंडीतला अंकूर थोडा थोडा चित्रित करत जायचं आणि मग तो सलग वाढताना दाखवायचा. म्हणजे आपल्याकडच्या सिनेमाने हात बसवला तो वस्तूत होणाऱ्या बदलावर. शंभर वर्षांनी माझं काम होतं, कपातला चहा सकाळइतकाच राहील हे बघणं.

‘भूमिका’ (१९७७) ही दुसरी. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर बेनेगलांनी केलेला हा चित्रपट सुरूच होतो लावणीच्या चित्रीकरणातून. उषाच्या कमाईवर घर चालतं आणि तिच्या कामाचा हिशेब नवरा ठेवतो. स्मिता पाटील त्यात नाचते, भांडते, पळून जाते. पण मला सगळ्यात खरे वाटतात ते तिचे दोन शॉटमधले थकलेले क्षण. झोया अख्तरच्या ‘लक बाय चान्स’ने (२००९) वेगळी गोष्ट केली. सुरुवातीच्या नावांबरोबर तिने पडद्यामागची माणसं एकेक करून कॅमेऱ्यासमोर उभी केली. ती दोन-तीन मिनिटं मला पुढच्या सगळ्या कथेपेक्षा जास्त आवडतात. आपल्या ॲपवर नेमक्या त्याच जागी ‘स्किप इंट्रो’चं बटण असतं.

नावांवरून आठवलं ते पैशांचं. मला रोजचे दोनशे रुपये प्रवासखर्च म्हणून मिळणार होते, ते शेवटी मिळाले नाहीत. पत्र मिळालं, त्यात माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. माझं तसं अडलं नाही, कारण मामा डोंबिवलीत होता. वर्गातल्या एका मैत्रिणीचं घर उदगीरकडे. ती माझ्यापेक्षा चांगलं लिहिते, तिचे संवाद वाचून हसू आवरत नाही. मुंबईत दोन महिने राहायचा खर्च कोण देणार म्हणून ती सुट्टीत घरी गेली आणि भावाच्या दुकानात बसली. मालिकेतल्या गावात लोक कसे बोलतात हे ठरवायला सेटवर जे आम्ही तिघे इंटर्न होतो, त्यांतल्या कुणाचंच गाव पुण्याच्या पलीकडे नव्हतं. मालिकांची भाषा अशी इस्त्री केल्यासारखी का असते, याचं निदान एक उत्तर इथे आहे. आणि जे पगारी होते तेही काही मजेत नव्हते. केलेल्या कामाचे पैसे तीन महिन्यांनी हातात पडणं ही या धंद्यातली सर्रास चाललेली पद्धत आहे. एप्रिलमध्ये उभं राहायचं आणि गणपतीच्या सुमारास त्याची मजुरी बघायची.

डोंबिवलीला पोचायला मला साडेदहा-अकरा वाजायचे. लवकर सुटले त्या दिवशी मामीला मालिका ‘बघताना’ पाहिलं. तिची पाठ टीव्हीकडे होती. कुकर लावलेला, उद्याच्या डब्याची भाजी चिरणं चालू. मी म्हटलं, “मामी, बघ तरी, हा शॉट आम्ही अकरा वेळा घेतला.” ती म्हणाली, “अगं, मी ऐकते. बघायला वेळ कुणाला आहे?” मालिकेतली माणसं समोरच्याला माहीत असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा का सांगतात, विजा का कडाडतात, हे त्या क्षणी उलगडलं. शिट्टीत एक वाक्य गेलं तर पुढच्याला धरता आलं पाहिजे. कॅमेऱ्यामागे माणसं राबतायत, टीव्हीपुढे बायका राबतायत आणि मधल्या काचेत सगळे नुसते उभे.

पाचव्या आठवड्यात एकदा एक नट ट्रॅफिकमध्ये अडकला. वेळ होता, म्हणून दिग्दर्शकदादांनी आजीच्या भूमिकेतल्या मावशींना विचारलं, “मावशी, हातात काही घेता का?” त्यांनी स्वयंपाकघराच्या सेटवर गवार मागवली. परात घेऊन पाय पसरून बसल्या आणि शेंगा मोडत मोडत नातसुनेशी बोलल्या, एकाच टेकमध्ये, न कापता, पावणेदोन मिनिटं. शेंग मोडल्याचा आवाज माइकमध्ये आला. वाक्यं तीच होती, कागदावर वाचली तर रोजचीच उपदेशाची. पण शेंग कडक निघाली की त्या थांबायच्या आणि त्या थांबण्यात नातसून खरोखर ऐकायला लागली. कट म्हटल्यावर लाइटदादांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. हे सेटवर फारसं होत नाही.

वाहिनीकडून दुसऱ्या दिवशी निरोप आला: सीन स्लो आहे, क्लोज नाहीत. पॅच शूट लागलं. त्याच साड्या, तीच वेणी, माझ्या फोनमधले फोटो बघून सगळं पुन्हा जमवलं. शेंगा आदल्या रात्री स्पॉटदादा घरी घेऊन गेले होते, म्हणून बाजारातून अर्धा किलो गवार आणावी लागली आणि किती मोडलेली, किती अख्खी याचा फोटो बघत मी परात लावली. कॅमेरादादांनी फ्रेम लावली. ती खांद्यांच्या वर होती. मावशींनी परात मांडीवर घेतलीच आणि प्रत्येक क्लोजला खाली हात चालू ठेवले.