आत्मकथन की जाहिरात? : स्वतःच्या वेलनेस ॲपच्या ‘सहज’ प्रचाराची चिकित्सा

प्रस्तावना

स्वतःच्या वेलनेस ॲपचा समाजमाध्यमांवरील प्रचार हा प्रचार वाटता कामा नये, असा सल्ला आज सर्रास दिला जातो. दिनचर्या, आहार, आजारातून सावरल्याचा अनुभव यांविषयी सांगत राहावे आणि ॲपचा उल्लेख ओघात यावा, हे त्याचे सूत्र. या मजकुराचा विचार बहुधा विपणनाच्या अंगाने होतो. तथापि त्याचे मुख्य साधन प्रथमपुरुषी निवेदन आहे. त्यामुळे त्याची समीक्षाही निवेदनाच्या कसोटीवर होणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे या ‘सहजते’ची तपासणी केली आहे.

निवेदन हाच पुरावा

ऑस्ट्रेलियातील बेल गिब्सन यांनी आपल्याला मेंदूचा कर्करोग असून आहार व पर्यायी उपचारांच्या बळावर आपण तग धरून आहोत, असे इन्स्टाग्रामवर सांगितले. २०१३ मध्ये त्यांचे ‘द होल पॅन्ट्री’ हे ॲप आले आणि २०१४ मध्ये त्याच नावाचे पुस्तक. येथे विक्रीचे आवाहन दुय्यम होते. सांगणारी व्यक्ती जिवंत आहे, हाच खरा युक्तिवाद होता. एप्रिल २०१५ मध्ये, आजाराची ती कहाणी खरी नव्हती, अशी कबुली त्यांनी दिली.

२०१७ मध्ये तेथील फेडरल न्यायालयाने त्यांना ४ लाख १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. हा दंड धर्मादाय कार्यासाठी देणग्या देण्याच्या पोकळ आश्वासनांशी निगडित होता, ही बाब लक्षणीय आहे. देणग्यांचा हिशेब मांडता येतो. परंतु ती कहाणी वाचून एखाद्या रुग्णाने उपचार लांबणीवर टाकला असेल, तर त्याची मोजदाद कशी करणार? ‘सहज’ प्रचाराची खरी जोखीम अशा प्रकारे वाचकाच्या वाट्याला येते.

अनुभवाची मुभा

अमेरिकेतील एड्रिन मिश्लर यांचे उदाहरण वेगळे आहे. २०१२ पासून यूट्यूबवर त्यांच्या योगाभ्यासाच्या चित्रफिती विनामूल्य उपलब्ध आहेत. ‘फाइंड व्हॉट फील्स गुड’ हे त्यांचे सशुल्क व्यासपीठ २०१५ मध्ये सुरू झाले. तेथेही सहजता घडवलेलीच आहे. घरगुती खोली, मोकळे बोलणे, मध्येच येणारा बेंजी हा कुत्रा या साऱ्यांतून जवळीक निर्माण होते आणि ही जवळीक व्यवसायाचे भांडवल ठरते. मात्र प्रेक्षक आसन स्वतः करून पाहू शकतो आणि न मानवल्यास थांबू शकतो. मजकुराचे मोल निवेदिकेच्या चरित्रावर अवलंबून राहत नाही. ॲप वगळले तरी शिकवण उरते.

नियमनाची मर्यादा

मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार जाहिरातदाराशी असलेले हितसंबंध उघड करणे अपेक्षित आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्यविषयक प्रभावकांसाठी अधिकची तत्त्वे आणली. हे स्वागतार्ह असले तरी निवेदक व मालक एकच असतात तेथे प्रश्न उरतोच. तेथे हितसंबंध बहुधा उघडच असतो. झाकला जातो तो निवेदनाचा हेतू. ‘जाहिरात’ अशी चिठ्ठी हा हेतू सांगेल. मात्र कहाणी खरी आहे किंवा नाही, हे ती सांगू शकत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, सहजता हा आपोआप नैतिक गुण ठरत नाही. अशा मजकुराच्या मूल्यमापनासाठी तीन प्रश्न उपयुक्त ठरतात : ॲप वगळल्यास मजकुरात काही उरते काय? आरोग्यविषयक दाव्याला निवेदकाच्या अनुभवाबाहेरचा आधार आहे काय? आणि दावा चुकल्यास त्याची किंमत कोण मोजतो? विद्यार्थ्यांना जाहिरात ओळखण्यास शिकवले जाते. आत्मकथनाचे रूप घेऊन आलेली जाहिरात वाचण्याचे शिक्षण अद्याप अभ्यासक्रमाच्या परिघावरच आहे. ते केंद्रस्थानी आणणे, ही भाषा व साहित्याच्या अध्यापनाची जबाबदारी आहे.