मागच्या सीटवरून

मोटारींची परीक्षणं वाचणं हा माझा जुना छंद आहे. बँकेतल्या लिपिकाच्या पगारात जी मोटार येत नाही तिचं परीक्षण मात्र सहज परवडतं. गेल्या पंचवीस वर्षांत मी इतकी परीक्षणं वाचली आहेत की, एखादी गाडी न चालवताही तिच्याविषयी अर्धा तास बोलू शकतो. आमच्या शाखेतले कॅशियर म्हणतात की हा गुण साहित्याच्या समीक्षकांतही आढळतो. त्यांचा एक कवितासंग्रह प्रसिद्ध झालेला आहे, तेव्हा त्यांचं म्हणणं मी अनुभवाचे बोल म्हणून धरतो.

या परीक्षणांत दोन शब्द हटकून येतात: राइड आणि हँडलिंग. हँडलिंग म्हणजे तुम्ही स्टेअरिंगला काय सांगता आणि गाडी त्यातलं किती ऐकते ते. राइड म्हणजे रस्ता तुमच्या बुडाला काय म्हणतो आणि गाडी त्यातलं किती मध्येच गिळते ते. आता गंमत बघा. हे सारे परीक्षक लिहितात ते चालकाच्या जागी बसून. मागे चार ओळी देतात, त्याही पाय लांब होतात का आणि एसीचा वारा येतो का, एवढ्यासाठी. आणि आपल्याकडे गाडी घेतात कोणासाठी? आईवडिलांसाठी. ते बसतात कुठे? मागे. म्हणजे हे खातं जॉइंट, पण व्यवहार करायचा अधिकार एकट्या चालकाला. बँकेत असं खातं उघडताना आम्ही दोघांच्याही सह्या घेतो.

तेव्हा मागच्या सीटवरून लिहिणारा कोणीतरी हवाच होता. माझी पात्रता सांगतो. मी तीन भावंडांतला मधला. त्यामुळे लहानपणी प्रत्येक मोटारीत माझी जागा मागच्या बाकाच्या मधोमध, जिथे प्रोपेलर शाफ्टचा उंचवटा असतो तिथे. एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला आई, ताई आईच्या मांडीला टेकून, आणि दादा पुढे अण्णांच्या शेजारी. दादाला रस्ता दिसायचा, मला कळायचा.

पहिली गाडी काकांची. साताऱ्याच्या काकांकडे अ‍ॅम्बॅसडर होती. मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, पण १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून ती उत्तरपाड्याला तयार होऊ लागली, आणि २०१४ साली कारखाना थांबेपर्यंत बंगालचीच झाली. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळ खाणारी सळई. मागे बैलगाडीपासून ट्रकपर्यंत सर्वांना चाललेले पोलादी पाटे. आणि बाक! त्या बाकात इतक्या स्प्रिंगा होत्या की खालच्या पाट्यांनी दिलेला हेलकावा संपायच्या आत बाक स्वतःचा एक सुरू करी. खड्डा आला की गाडी आधी जराशी विचार करी, मग सावकाश खाली बसे, मग सावकाश वर येई. रस्त्याची बातमी आमच्यापर्यंत पोचायची ती शिळी होऊन, दुखवट्याच्या कार्डासारखी: चार ओळी आणि कडेला काळी रेघ. सरळ रस्त्यावर हे सुख होतं. खंबाटकी घाट लागला की मात्र गाडी वळणाच्या बाहेर कलायची, मग आजी माझ्यावर, मी आईवर, आई ताईवर, आणि पुढच्या वळणाला हीच मिरवणूक उलट. आवळासुपारीची डबी घाटाच्या पायथ्याशी उघडे ती माथ्यावर रिकामी होई. काका मात्र वर पोचल्यावर समाधानाने म्हणत, ‘कशी बोटीसारखी चालते!’ बोटीत लोकांना काय होतं हे त्यांनी विचारात घेतलेलं नसावं.

मग १९८८ साली अण्णांनी सेकंडहँड पद्मिनी घेतली. इटलीच्या फियाट अकराशेची ही कुर्ल्यात वाढलेली लेक. १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागे पुन्हा पाटेच. पण स्वभाव निराळा. पद्मिनी काही लपवीत नसे. खडीवर गेली की खडी, डांबरावर गेली की डांबर, आणि रेल्वेचं फाटक ओलांडलं की दोन्ही रुळ वेगवेगळे मोजून दाखवी. वळणावर ती काकांच्या गाडीपेक्षा कितीतरी ताठ राहायची. अण्णा एरवी कोणाचं कौतुक करीत नसत, पण घाट उतरल्यावर स्टेअरिंगवर दोन बोटं वाजवीत.

या पद्मिनीची एक खोड होती, आणि ती समजायला मला तीस वर्षं लागली. सहाच्या सहा जण बसले, डिकीत पिशव्या भरल्या, की ती शांत. अण्णा एकटे निघाले की तिचं मागचं अंग टणाटण उडे. म्हणून अण्णा एकटे जाताना डिकीत तांदळाचं पोतं टाकीत. आई वैतागून विचारी, ‘अहो, हे पोतं रोज कुठे फिरवून आणता?’ तर म्हणत, ‘गाडीला सोबत.’

यामागचा हिशेब असा. मी वाणिज्य शाखेचा माणूस, त्यामुळे माझ्या भाषेत सांगतो. स्प्रिंग म्हणजे कर्जखातं. खड्ड्याचा दणका ती एकरकमी स्वतःच्या अंगावर घेते आणि तुमच्याकडून हप्त्याहप्त्याने वसूल करते. फक्त स्प्रिंगच असेल तर हप्ते संपतच नाहीत. गाडी खड्ड्यानंतर फर्लांगभर डुलत राहते. म्हणून शॉकॲब्सॉर्बर बसवतात. त्यातल्या नळकांड्यात दट्ट्या तेलातून बारीक भोकांवाटे ढकलला जातो, हेलकाव्याची उष्णता होते आणि खातं दीड-दोन हप्त्यांत बंद होतं. वनटाइम सेटलमेंट म्हणा. गाडी जुनी झाली, तेल गळालं, की हा वसुली अधिकारी सही करायलाच येत नाही.

आता हप्ता किती वेळाने यावा? मोटारीच्या स्प्रिंगा साधारणपणे सेकंदाला एक ते दीड हेलकावा यावा अशा बेताच्या असतात. तेवढं शरीराला मानवतं. सेकंदाला चार ते आठ अशी उभी थरथर सुरू झाली की बसलेल्या माणसाच्या कण्याला आणि पोटाला ती सर्वांत जाचते. आणि स्प्रिंग तीच ठेवून वरचं वजन कमी केलं, की हेलकाव्याचा वेग वाढतो. मागच्या चाकांवरचे पाटे पाच-सहा माणसं आणि सामान पेलतील एवढे कडक केलेले असतात. मग दोघंच बसली, तर सहा जणांच्या पंगतीची भांडी दोघांसाठी चुलीवर चढवल्यासारखं होतं.

त्यात मागच्या माणसाचं भौगोलिक दुर्दैव आहे. चालक बसतो दोन चाकांच्या मधोमध, झुल्याच्या मध्यावर. मागचा बसतो जवळजवळ चाकावरच. हे सांगायला शास्त्रज्ञ नको, एसटीच्या लाल डब्यात सर्वांत मागच्या बाकावर बसलेला कोणीही सांगेल. तिथे तर चाकही पुढे राहतं आणि आपण लोंबकळत मागे. मॉरिस ऑली म्हणून एक इंजिनिअर होते. ते रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेले. त्यांनी १९३०च्या दशकात दाखवून दिलं की पुढच्या स्प्रिंगा मऊ आणि मागच्या थोड्या जलद असाव्यात. कारण खड्ड्यात पुढचं चाक आधी जातं आणि मागचं क्षणभराने. मागच्याने घाई केली तर ते पुढच्याला गाठतं आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे झुलत नाही. विचार बिनतोड आहे. फक्त घाई मागच्याने करायची, हे पुढे बसणाऱ्याच्या डोक्यातच येऊ शकतं.

हे सगळं मला गाडी घेण्यापूर्वी माहीत नव्हतं. गेल्या वर्षी आम्ही नवी गाडी घेतली. नाव सांगत नाही. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. शोरूममधला मुलगा म्हणाला, ‘सर, शंभरला पण एकदम मख्खन.’ चार किलोमीटर चालवून पाहिली. खरंच मख्खन. स्टेअरिंग अचूक, वळणावर कलणं नाही. मागे कोण होतं? कोणी नव्हतं. मला दोन प्रकारची चाकं दाखवली. पंधरा इंची, १८५/६५ची. आणि सोळा इंची, चकचकीत, १९५/५५ची. आमच्या सौ.ना सोळा इंची आवडली, मलाही. हिशेब मी घरी आल्यावर मांडला, बँकेतल्या माणसाने असं करू नये. १८५चे ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर रबराची भिंत. १९५चे ५५ टक्के म्हणजे १०७. चाक वाढलं, पण दणका गिळणारं रबर तेरा मिलिमीटरने घटलं. पैसे मात्र जास्त दिले.

मग अण्णांना घेऊन निघालो. अण्णा आता सत्त्याहत्तरचे, कमरेला पट्टा. मागे ते आणि आई, दोघंच. आजी जाऊन बावीस वर्षं झाली, ताई नागपूरला, दादा परदेशात, आणि आमच्या चिरंजीवांना आजीआजोबांबरोबर कुठेही जायचं म्हटलं की परीक्षा असते. कॉलनीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे पंचविसाच्या वेगाने विनातक्रार ओलांडता येतो. आमच्याकडचा उंचीला नियमाहून थोडा जास्त आणि रुंदीला उंबऱ्याएवढा आहे. पुढची चाकं गेली, मला काही वाटलं नाही. मागची गेली आणि मागून ‘हं’ असा आवाज आला.

मी आरशात पाहिलं. अण्णांनी दोन्ही हात सीटवर टेकवून अंग उचलून धरलं होतं. ‘लागलं का?’ तर म्हणाले, ‘छे रे, छान आहे गाडी.’ साताऱ्यापर्यंत त्यांनी चार वेळा छान म्हटलं. अण्णा कशालाही एकदाच छान म्हणतात.

इथे मला परीक्षकांवर तुटून पडायचं होतं. मजकूर तयार होता. पण परतीच्या वाटेवर हायवेवर पुढचा टेंपो काही न सांगता आमच्या लेनमध्ये आला. मी ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग वळवलं, वळवलं म्हणण्यापेक्षा ते हातातून वळलं. गाडी एका फटक्यात बाजूला गेली आणि दुसऱ्या फटक्यात सरळ झाली, कललीसुद्धा नाही. आई म्हणाली, ‘काय झालं?’ काहीच झालं नव्हतं. काकांची अ‍ॅम्बॅसडर असती तर तिने आधी जराशी विचार केला असता. ज्या कडकपणाने अण्णांची कंबर धरली, त्याच कडकपणाने आम्हां चौघांना वाचवलं होतं. परीक्षक ज्याला हँडलिंग म्हणतात ते हेच, आणि त्याच्याबद्दल ते जे लिहितात ते खोटं नाही. माझा लेख तिथेच अर्धा कापला गेला. राहिलेल्या अर्ध्यात माझं एवढंच मागणं आहे की, टेस्ट ड्राइव्हला जाताना मागे एक कंबरदुखीचा माणूस बसवावा. शोरूमवाल्यांनीच एक पगारी ठेवला तरी चालेल. आमच्या शाखेतून निवृत्त झालेले बरेच जण मिळतील.

दुसऱ्या दिवशी मी दाराच्या कडेला चिकटवलेला हवेचा तक्ता वाचला. दोन माणसांना हवा ३०. पंपावरच्या पोऱ्याने ३८ भरून ठेवली होती. त्याच्या मते हवा आणि पाहुणचार कमी करू नये. ती उतरवली. मग रविवारी कोणाला न सांगता तीस किलो इंद्रायणी आणून डिकीत टाकला आणि अण्णांना दवाखान्यात न्यायला निघालो.

गतिरोधक आला. पुढची चाकं गेली. मागची गेली. ‘हं’ आला नाही. आरशात पाहिलं तर अण्णा हात मांडीवर ठेवून बाहेर बघत होते. चौकापर्यंत कोणी काही बोललं नाही.

‘तांदूळ कुठला?’ अण्णांनी विचारलं.

‘इंद्रायणी.’

‘पोतं डावीकडे टाकलंयस. मधोमध सरकव.’